शरदातील वाचनाचा बेत

पाऊस ओसरला, आश्विनाचे ऊन तापू लागले, की शहरांतील सुशिक्षित घरांत वाचनाचे बेत सुरू होतात. दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी होते, प्रकाशकांच्या सवलतींची पत्रके येतात, आणि 'या मोसमात वाचायलाच हवीत अशी पंचवीस पुस्तके' अशा याद्या हातोहाती फिरू लागतात. यात गैर काही नाही. ज्या समाजात सणासुदीला कपडे आणि दागिने यांबरोबर छापील कागदाचीही खरेदी होते, त्या समाजाबद्दल आशा बाळगायला जागा असते. परंतु या याद्यांकडे जरा बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत पुस्तकाचे नाव असते, किंमत असते, घरपोच मिळण्याची सोय असते. ते पुस्तक वाचायचे केव्हा, कोणाबरोबर आणि कशासाठी, याचा उल्लेख कोठेही नसतो. म्हणजे ती वाचनाची योजना नसून खरेदीचा जाबता असतो. पुस्तके कपाटात येतात आणि पुढील आश्विनापर्यंत तेथेच विसावतात.

वाचनाचा बेत ही ज्याच्या त्याच्या आवडीची, खासगी बाब आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. तसा तो सहसा सोडून दिलाही जातो. मराठी मुलखाचा इतिहास मात्र याला दुजोरा देत नाही. आपल्याकडे शरदातले वाचन कित्येक शतके आखीव आणि सामुदायिकच राहिलेले आहे. चातुर्मासात गावोगाव पोथी लागे. श्रीधराचे 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' देवळाच्या ओसरीवर संध्याकाळी वाचले जाई. वाचणारा एक, अर्थ सांगणारा एक, आणि ऐकणारे पन्नास. गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांचे, कोणत्या दिवशी कोठपर्यंत जायचे ते ठरलेले. आजच्या भाषेत सांगायचे तर रोजचा मजकूर ठरलेला, वेळ ठरलेली आणि श्रोता ठरलेला. पुस्तक एकच असले तरी गावाला पुरे, आणि अक्षर न येणारा माणूसही त्या वाचनात सहभागी असे. छापील पुस्तके वाढली, साक्षरता वाढली, आणि चमत्कार असा की ही व्यवस्था मात्र मोडली. ज्याला वाचता येते तो एकटा वाचू लागला; ज्याला येत नाही, किंवा येऊनही जमत नाही, तो वाचनाच्या वर्तुळाबाहेर पडला.

अर्थात, त्या जुन्या ओसरीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे सर्वांना प्रवेश नव्हता. पोथी कोणी वाचावी, कोणी दुरून ऐकावी आणि कोणी ऐकूही नये, हे जातीने ठरविलेले होते; आणि जे वाचले जाई त्यावर प्रश्न विचारण्याची मुभा कोणालाच नव्हती. म्हणूनच ज्यांनी तो साचा उचलला आणि आतील मजकूर बदलला त्यांचे महत्त्व मोठे आहे. जोतीराव फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरे झाले, पण त्यांच्या हयातीत ते समग्र छापले गेले नाही. सुरुवातीचे काही भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढे छपाई थांबली. तरीही ते पुस्तक लोकांपर्यंत पोचले, कारण जोतीरावांनी ते वाचून दाखविले. पुण्या-मुंबईत, जुन्नर-ओतुरात, हडपसरला त्यांनी शेतकऱ्यांपुढे त्याचे वाचन केले. बडोद्याच्या सयाजीरावांनीही ते ऐकले. छापखान्याने नाकारलेला ग्रंथ कानांनी स्वीकारला. पोथीचीच रीत, पण आता ओवीऐवजी शेतसारा, कर्ज, भिक्षुकशाही आणि गोऱ्या अंमलदारांची बेपर्वाई यांचा हिशेब मांडला जात होता.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. २१ फेब्रुवारी १९३२ पासून विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा अध्याय, अठरा रविवार, १९ जून रोजी समाप्ती. साने गुरुजींनी ती टिपून घेतली आणि त्यांतून 'गीताप्रवचने' हे पुस्तक झाले. गीतेचा विनोबांनी लावलेला अर्थ कोणाला पटो वा न पटो, त्या वाचनाची आखणी पाहण्यासारखी आहे. आठवड्याला एकच भाग. मधले सहा दिवस त्यावर बोलायला, वाद घालायला, चरखा चालवताना मनात घोळवायला मोकळे. ज्यांच्याजवळ तुरुंगात वेळच वेळ होता त्यांनीही घाई केली नाही. बाहेरच्या माणसाने एका महिन्यात पंचवीस पुस्तकांचा फडशा पाडण्याची प्रतिज्ञा करावी, हा त्यामानाने विनोदच म्हणायचा.

दिवाळी अंकांचा प्रश्न या संदर्भात टाळता येत नाही, कारण बहुसंख्य मराठी वाचकांच्या लेखी शरदातले वाचन म्हणजे दिवाळी अंकच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरावर वर्षे ही परंपरा अखंड चालू आहे. भारतातील फार थोड्या भाषांना असे भाग्य लाभले आहे. मराठी कथा वाढली ती पुष्कळशी या अंकांतून. ज्या घरांत एरवी पुस्तक शिरत नसे तेथे अंक शिरला आणि तो प्रथम घरातल्या स्त्रियांनी वाचला, हेही नमूद केले पाहिजे. गावोगावच्या वाचनालयांची ठरावीक वर्गणीत सर्व अंक वाचायला देण्याची योजना तर सहकाराचा उत्तम नमुनाच होय. एकेका अंकाची किंमत तीनशे-चारशे रुपयांच्या घरात गेलेली असताना सामान्य कुटुंबाला दुसरा मार्गही उरलेला नाही.

तथापि, शेकडो अंक निघतात आणि त्यांतील कितीतरी जाहिरातींच्या आधारापुरते निघतात, ही वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अंकामागून अंक बदलून आणणारा वाचक शेवटी भविष्याची पाने आणि हास्यचित्रे तेवढी लक्षात ठेवतो. चार अंक निवडावेत, ते पुरते वाचावेत, आणि त्यांतील एका लेखावर तरी चार माणसांनी बसून चर्चा करावी. त्यापलीकडचे अंक वाचायचे राहून गेले म्हणून कोणाचेही काही अडत नाही. संपादकांना हे रुचणार नाही, पण त्यांच्यातले चांगले संपादक खासगीत हेच सांगतील.

मराठी साहित्याच्या पुरवण्यांत ज्याची नोंद क्वचितच होते असा शरदातील ग्रंथव्यवहार वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटतो त्याच्या भोवती पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात. तीच गोष्ट ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर. खेड्यांतून रेल्वेच्या साध्या डब्यातून आलेला शेतमजूर, सफाई कामगार, शाळकरी मुलाला हाताशी धरून आलेली आई जमिनीवर अंथरलेल्या पुस्तकांसमोर उकिडवी बसून पाने चाळते, किंमत विचारते, कनवटीची नोट काढते. परत जाताना तिच्या पिशवीत तसबिरीबरोबर पुस्तकही असते. येथे जाहिरात नाही, समारंभपूर्वक प्रकाशन नाही, लेखकाची स्वाक्षरी नाही. मराठीत पुस्तके खपत नाहीत, अशी तक्रार ज्या सभागृहांत वर्षानुवर्षे होते, तेथील वक्त्यांनी एक दसरा नागपुरात काढावा. तेथे विकले जाणारे सगळेच वाङ्मय सारख्या तोलाचे असते असे नाही; पण आपल्या कमाईचा एक भाग पुस्तकासाठी काढून ठेवला पाहिजे, हा निर्धार तेथे जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे बाबासाहेबांचे लाहोरसाठी तयार केलेले भाषण बोलावणाऱ्यांनीच नाकारले, आणि १९३६ साली त्यांनी ते स्वखर्चाने छापले. व्यासपीठाने नाकारलेला तो मजकूर आज पदपथावर विकला जातो, भाषांतरे होऊन गावोगाव जातो.

घटस्थापनेपासून ६ डिसेंबरपर्यंत, सण कमीअधिक सरकले तरी, आठ-दहा आठवडे मिळतात. वाचनाचा बेत करायचा तर या मुदतीत करावा. मध्ये १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, राज्यात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' पाळला जातो. शाळांत त्या दिवशी मुले ओळीने बसून पुस्तके उघडतात, छायाचित्र काढले जाते, अहवाल वर पाठविला जातो. प्रेरणेचा दिवस एक आणि वाचनालयाला कुलूप बाकीचे दिवस, अशी अनेक शाळांची स्थिती असल्यामुळे त्या छायाचित्रांवर फार वेळ घालविण्याचे प्रयोजन नाही.

खरा प्रश्न वेळेचा आहे. वाचनाला पुस्तक लागते हे सर्वांना दिसते. त्याला मोकळी संध्याकाळ लागते हे सहसा कोणी बोलत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. गंमत अशी की 'असूडा'ची छपाई ज्यांच्या 'दीनबंधू'त थांबली ते संपादक हेच. जोतीरावांचा त्यांच्यावरचा राग रास्त होता. पण त्या पुस्तकाचा संभाव्य वाचक असलेल्या मजुराला आठवड्यातला एक दिवस मिळवून देण्याचे कामही लोखंड्यांनीच केले. रविवार नसता तर कामगारांची वाचनालये, गिरणगावातील शाहिरी, कामगार रंगभूमी यांतले फारसे काही उभे राहिले नसते.

आज प्रवास उलट दिशेने चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे, जादा तासांचा मोबदला मिळेल, कामगाराची संमती घेतली जाईल, असे खुलासे त्यासोबत झाले. कंत्राटावर असलेल्या, उद्या कामावर घेतले जाईल की नाही याची शाश्वती नसलेल्या माणसाच्या संमतीला काय अर्थ असतो हे सांगण्याची गरज नाही. बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन-तीन तास धरले तर त्याच्याजवळ झोप आणि जेवण यांखेरीज काही उरत नाही. त्याने शरदात कोणती पुस्तके वाचावीत, हा प्रश्न मग विचारणेच क्रूर ठरते. शेतकऱ्याची गोष्ट निराळी नाही. याच दिवसांत सोयाबीन निघते, कापूस वेचायला येतो, कोकणात भात कापले जाते, पठारावर रब्बीची ज्वारी पेरायची असते. रब्बी भिजवायची तर कृषिपंपाची वीज कित्येक ठिकाणी रात्रीची. जी रात्र कोजागरीनंतर मोठी होत जाते आणि ज्या रात्रीचे वर्णन कवी हौसेने करतात, ती त्याची दारे धरण्यात जाते.

आणि स्त्रिया? दसरा ते दिवाळी हा त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा हंगाम. घराची झाडलोट, भांडी, फराळ, पाहुणे, भाऊबीज. घरातले सारे अंक घेऊन लोळतात ते तिच्या कष्टांच्या जोरावर. तरीही मराठीतील काही श्रेष्ठ आत्मचरित्रे अशाच स्त्रियांनी लिहिली ज्यांना वाचनाची संधी चोरून किंवा उशिरा मिळाली. रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक दोघीही लग्नानंतर अक्षर शिकल्या. फलटणच्या बेबी कांबळे यांनी छोटे दुकान चालवीत, माल बांधण्यासाठी आलेली रद्दीची वर्तमानपत्रे वाचली आणि घरच्यांपासून वह्या लपवून 'जिणं आमुचं' लिहिले. ते पुस्तकरूपाने १९८६ साली आले. पुडीचा कागद वाचून घडलेला तो लेखक आहे. वाचनाची आवड लावावी लागते, असे जे वारंवार सांगितले जाते, त्यावर या एका उदाहरणाने विचार करावा. आवड होतीच; फुरसत आणि पुस्तक यांची चोरी करावी लागत होती.

भारताच्या संविधानाने या बाबतीत पुरेशी स्पष्टता दाखविली आहे. राज्याच्या धोरणाची जी निदेशक तत्त्वे आहेत त्यांतील ४३ वे कलम कामगाराला निर्वाह वेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळाव्यात अशी अपेक्षा राज्याकडून करते. फुरसत हा शब्द तेथे चुकून पडलेला नाही. २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते ते योग्यच आहे. पण संविधान दिनाच्या आधीचा एक आठवडा चौथ्या भागासाठी ठेवावा आणि ते कलम मोठ्याने वाचून त्याशेजारी बारा तासांचा निर्णय ठेवावा. सभेला दुसऱ्या वक्त्याची आवश्यकता भासणार नाही.

या मुदतीत वाचायचे काय, याबद्दल प्रत्येक गावाचे, प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे असणार आणि असावे. तरी ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी 'असूडा'पासून करावी. पाच प्रकरणे आहेत, पाच आठवडे पुरतील. भाषा दीडशे वर्षांपूर्वीची असली तरी मोठ्याने वाचली की ती सोपी होते, कारण ती लिहिली गेली तीच ऐकविण्यासाठी. दर आठवड्याच्या प्रकरणासोबत त्या आठवड्याचा बाजारभाव वाचावा. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बहुतेक बाजारांत शेतकऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडले. जोतीरावांनी सावकार, कुलकर्णी आणि कलेक्टर यांच्यामध्ये सापडलेला जो शेतकरी दाखविला, त्याच्या जागी आडत्या, आयात धोरण आणि पीकविम्याची कंपनी अशी नावे घालून हिशेब जुळतो का, हे शेतकऱ्यांनीच तपासावे. काही ठिकाणी तो जुळणार नाही. मतदानाचा हक्क, सहकार आणि कूळकायदा जोतीरावांच्या काळी नव्हता. एवढे मिळूनही तोच माणूस का नाडला जातो, हा प्रश्न मग अधिक टोकदार होतो.

त्याच्या जोडीला सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही २००२ ची कादंबरी घ्यावी. पदव्या घेऊन नोकरी न मिळालेला आणि शेतीतही न निभावणारा तरुण तिच्या केंद्रस्थानी आहे. तो आज प्रत्येक गावाच्या पारावर बसलेला दिसतो. ही कादंबरी बुलढाणा भागातली. त्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, आणि त्या संतापातून हे लहानसे पुस्तक निघाले. जोतीरावांनी 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. त्यानंतर मराठी साहित्याने हे पुस्तक जवळजवळ शतकभर विसरून टाकले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. एका बैठकीत वाचून होते. भाऊबीजेच्या दिवशी भावाने बहिणीला ओवाळणीत ते घालावे आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, आधी स्वतः वाचावे.

सारे वाचन प्रश्नांचेच असावे असा आग्रह धरणारे लोक चळवळीत आहेत. त्यांचे ऐकू नये. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' याच दिवसांत वाचायचे पुस्तक आहे. आश्विन-कार्तिकातील झाडे, गवत, पाखरे यांच्याकडे ज्या तन्मयतेने त्या पाहतात, तीच नजर घेऊन त्यांनी १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला आणि पुढे तुरुंगवास पत्करला. फुलाचा रंग नीट पाहणे आणि सत्तेचा रंग नीट ओळखणे या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, हा गैरसमज या एका बाईने निकालात काढला. आणखी एक पुस्तक प्रत्येक गटाने असे निवडावे की जे आपल्या मताच्या उलट आहे. विरोधकाचे पुस्तक न वाचता त्याचे खंडन करण्याची सवय उजवीकडे आहे तशी डावीकडेही आहे, आणि तिने दोन्हीकडचे वाद सारखेच पोकळ केले आहेत.

बेत कितीही चांगला असला तरी त्याला इमारत लागते. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. एवढा वारसा फार थोड्या प्रांतांजवळ आहे. ग्रंथालयाचा कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान तर १९४५ सालीच पुढे होते. महाराष्ट्र राज्याने १९६७ साली कायदा केला, पण त्यात ग्रंथालय कराची तरतूद ठेवली नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ती होती, कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात होती. परिणामी आपली ग्रंथालये सरकारच्या वार्षिक अनुदानावर, म्हणजेच मर्जीवर, राहिली. अ, ब, क, ड अशी त्यांची प्रतवारी. ड वर्गातील खेड्याच्या वाचनालयाला जे मिळते त्यात एका पूर्णवेळ माणसाचा रास्त पगारही निघत नाही. अनुदानात अधूनमधून वाढ झाली, तिचे श्रेय त्या त्या वेळी घेतलेही गेले, पण ग्रंथपालाची अवस्था गावातील सर्वांत कमी मोबदल्याच्या सुशिक्षित माणसाची, हे बदलले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आतषबाजी झाली. त्या भाषेतील ग्रंथ सांभाळणाऱ्याच्या वेतनाबद्दल त्या दिवशी कोणी बोलले नाही.

ग्रंथपालाला वेतन मिळत नाही म्हणून तो दुसरा व्यवसाय करतो. दुसरा व्यवसाय करतो म्हणून वाचनालय सोयीच्या वेळी उघडते. आणि ती सोय बहुधा कामावर जाणाऱ्यांच्या उपयोगाची नसते. म्हणून शरदातील वाचनाचा पहिला ठराव कोणत्याही ग्रंथाविषयी नसून वेळापत्रकाविषयी असला पाहिजे: संध्याकाळी सात ते दहा दार उघडे, दिवा चालू, आणि त्या तीन तासांचा मोबदला ग्रंथपालाला. दुसरी मागणी खरेदीची. आर्थिक वर्षअखेर घाईघाईने, कमिशन पाहून पुस्तकांचे गठ्ठे घेण्याची जी पद्धत पडली आहे तिच्यामुळे कपाटे भरतात आणि वाचक परत जातो. दहा वेगवेगळी पुस्तके एकेक प्रत घेण्यापेक्षा निवडलेल्या एका पुस्तकाच्या दहा प्रती घेणे नोंदवहीत गरिबीचे दिसेल. पण दहा माणसांनी एकाच आठवड्यात तेच प्रकरण वाचलेले असणे, हीच बैठकीची पूर्वअट आहे.

आणि ज्यांच्यासाठी वाचनालयाचे दार संध्याकाळी उघडे ठेवूनही उपयोग नाही, कारण ते गावातच नाहीत, त्यांचे काय? दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रॅक्टरमधल्या संसारावर बसलेली मुले. राज्याच्या वाचनाचा हंगाम ज्या आठवड्यांत सुरू होतो त्याच आठवड्यांत लाखो माणसांचा अक्षराशी संबंध पाच-सहा महिन्यांसाठी तुटतो. साखरशाळा आल्या आणि बहुतांशी विरल्या. गावातच मुलांना ठेवणारी हंगामी वसतिगृहे काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी कागदावर असतात. प्रौढांसाठी तर काहीच नाही. पहाटेपासून तोडणी आणि रात्री-अपरात्री गाडी भरणे यांत वाचन कसले, असे कोणी म्हणेल. पण पाळी नसलेला दिवस येतो, कारखाना बंद पडून तळावर बसून राहण्याची वेळ येते, आणि प्रत्येक टोळीत सातवी-दहावी शिकलेली एखादी सून असतेच, जी चार जणींना वाचून दाखवू शकते.

बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९१० नंतर फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविल्या जात. पेटी जाई, वाचली जाई, परत येई, दुसरी जाई. तेव्हा मोटारी नव्हत्या. आज प्रत्येक साखर कारखान्यापाशी वाहन आहे, शेतकी विभाग आहे, टोळीनिहाय नोंद आहे. शेजारच्या तालुक्याच्या गावी अ किंवा ब वर्गाचे ग्रंथालय आहे. एका पेटीत तीस पुस्तके: मुलांची चित्रांची दहा, 'फकिरा', 'बनगरवाडी', 'जिणं आमुचं', किमान वेतनाची आणि बाळंतपणाच्या रजेची माहिती देणारी पुस्तिका, आणि जाड अक्षरातला 'असूड'. पुस्तके फाटतील, हरवतील, एखाद्या पानावर भाकरी ठेवली जाईल. ते नुकसान गृहीत धरून खर्च लिहावा. ग्रंथालयांच्या कार्यकारिणीच्या बैठका नवरात्रात होतात त्यांत हा विषय घ्यायचा असेल तर तो पहिल्या माळेलाच घ्यावा लागेल. दिवाळीनंतरच्या बैठकीत तो घेऊन उपयोग नाही. तोपर्यंत गाड्या गेलेल्या असतात.